कार्निव्हल काचेच्या पेल्यातला पांढुरका थर कसा काढायचा?

झुंबर:
केशरी-सोनेरी पेला आहे, उजेडात फिरवला की जांभळी-हिरवी झाक मारतो. बुडाशी रोमन लिपीत ‘जैन’ असं नाव उठलंय. आत तळापासून दोन बोटं पांढुरका थर आहे. ओला असताना दिसत नाही, वाळला की पुन्हा हजर. चिंच-मीठ लावून घासू का? आणि झळाळी भट्टीतली की नुसता स्प्रे, हे कसं कळतं?

काचकाम:
मीठ नको, ओरखडे पडतील. कार्निव्हल काचेची ही झळाळी म्हणजे रंग नव्हे. काच गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारतात. फेरिक क्लोराइडने झेंडूचा रंग येतो, कथिलाच्या क्लोराइडने मोतिया. मागे ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा उरतो, त्यावर साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग खेळतात. तो घासला गेला की घरी पुन्हा चढवता येत नाही.
पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं करून फक्त आत, डाग बुडेल इतकंच ओता. रात्रभर ठेवा, मग बाटलीच्या मऊ ब्रशने हलकेच फिरवा. धुताना सिंकमध्ये जुना टॉवेल अंथरा. कढत पाणी ओतू नका, तडकेल. डिशवॉशर तर नाहीच.

जुनाबाजार:
दोनदा करूनही थर तसाच राहिला तर ते बोअरच्या पाण्याचे क्षार नव्हेत. पाणी फार दिवस साचून राहिलं की काचेतला सोडा बाहेर पडतो आणि पृष्ठभागच खराब होतो. त्यावर घरगुती इलाज नाही. विकणारे आतून तेलाचा हात फिरवतात, की थर गायब! म्हणून घेताना साबणाने धुवून, कोरडा करूनच बघावा.

काचकाम:
स्प्रेचं म्हणाल तर कानकाडीवर ॲसिटोन घेऊन बुडाच्या कडेला, नजरेत न येणाऱ्या जागी टेका. लॅकर, म्हणजे वरून मारलेलं रंगीत वार्निश, असेल तर कापसाला रंग लागतो, भट्टीतली झळाळी हलत नाही. मूळ काचेचा रंग मात्र झळाळी नसलेल्या बुडातून, उजेडाकडे धरून पाहायचा. जैन म्हणजे फिरोजाबादचा कारखाना. आपल्या तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचं नाव असलेलेही असे पेले आहेत, तेव्हा बुडं वाचत जा.

झुंबर:
कापूस पांढराच राहिला. आत व्हिनेगर भरून ठेवलंय.