ओव्हनमध्ये फिश फिलेट भाजता का? तुमचे अनुभव सांगा

आमच्याकडे मासा म्हणजे रवा लावून तव्यावर नाहीतर आमटीत, त्यामुळे ओटीजी घेऊन दोन वर्षं झाली तरी त्यात केक सोडून काही केलं नव्हतं. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, फ्रोझन बासा आणला आणि पहिल्याच वेळी ट्रेमध्ये नुसतं पाणी, मसाला सगळा वाहून गेला आणि फिलेट उकडल्यासारखे झाले. त्यांच्यावर बर्फाचा थर असतो तोच सगळा वितळला होता. आता रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते, सकाळी चाळणीत निथळत ठेवते आणि मग स्वच्छ फडक्याने दाबून दाबून अगदी कोरडे करते. तेल, मीठ, मिरपूड लावून तापलेल्या ओव्हनमध्ये 200 ला 12 मिनिटं. सॉस म्हणजे कढल्यात बटर, ठेचलेला लसूण, गॅस बंद करून लिंबू, बस. तुम्ही कसं करता, लिहा ना.

आम्ही मालवणकडचे, फिलेट नाही तर सुरमईची जाड तुकडी भाजतो, 15 मिनिटं तरी लागतात. सॉसला नारळाचं दाट दूध, लसूण, हिरवी मिरची मंद गॅसवर कोमट करायचं आणि खाली उतरवल्यावरच कोकमाचं आगळ घालायचं, मी घाईत उकळत्यात घातलं तर दूध फाटून चोथा पाणी वेगळं झालं होतं. आणि आगळात मीठ असतंच, म्हणून माशाला हात राखून लावा.

टोरोंटोहून लिहितेय, इथे सॅल्मन सहज मिळतो. पहिल्यांदा भाजला तर वर पांढरे पांढरे गोळे आले, मला वाटलं मासा खराब आहे, सगळा टाकून दिला, इतकं वाईट वाटलं! नंतर कळलं ते माशातलंच प्रोटीन असतं, जास्त भाजला की जास्त बाहेर येतं. आता सगळ्यात जाड ठिकाणी काटा चमचा टोचून बघते, पाकळ्या सुटायला लागल्या की लगेच बाहेर, कारण गरम ट्रेमध्येही तो शिजतच राहतो. शेपटीकडचा पातळ भाग दुमडून ठेवला तर तो वाळत नाही, हे मला फार उशिरा सुचलं.

ताई, कोरडं करायची टीप एकदम बरोबर. माझ्या सासऱ्यांनी काट्याच्या भीतीने मासे सोडलेच होते, दोन वर्षांपूर्वी घशात काटा अडकून रात्री दवाखाना करावा लागला होता. मागच्या रविवारी रावसाचे फिलेट भाजले, आधी बोट फिरवून लागले तेवढे काटे चिमट्याने काढले, वरून लसूण कोथिंबिरीचं बटर. बाबांनी पहिला घास खूप वेळ चावला, मग काही न बोलता ताट पुढे केलं आणि अजून भात मागितला.