जुन्या फोनला अपडेट किती वर्षं मिळायला हवं?

हर्णैकर:
आईचा फोन 2019 मध्ये घेतलेला, काच शाबूत, बॅटरी गणपतीत बदलून घेतली, आवाज खणखणीत. शेवटचा सिक्युरिटी पॅच, म्हणजे फोनच्या सुरक्षेतली भोकं बुजवणारं छोटं अपडेट, 2022 चा. आता बँकेच्या ॲपने सांगितलं की या फोनवर चालणार नाही. पेन्शन जमा झाली का बघायला आमच्या वाडीतून दापोलीला जायचं म्हणजे सकाळची एसटी चुकली की दिवस गेलाच. नवीन अँड्रॉइड, नवीन इमोजी काही नको तिला, पण सिक्युरिटी पॅच तरी 10 वर्षं द्यायलाच पाहिजे असा कायदा हवा असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाचं काय म्हणणं?

बाव_पडलेली_पिन:
अपडेटचा काय घेवन बसलास रे. माझा कुडाळात रिपेरिंगचा दुकान, माझ्याकडे येतत ते बहुतेक फोन चार्जिंग पिन गंजान येतत, नायतर बॅटरी फुगान. खारी हवा आणि चार महिने ओल, त्यात 10 वर्षं फोन टिकाक नको? आणि 32 जीबीच्या फोनात अपडेट टाकलं की जागा संपते, मग तोच माणूस दोन दिवसांनी येऊन म्हणतो जुनं होतं तसं करून द्या. कंपन्यांचा भरवसा कोणी देऊ नका, ॲपलने 2017 मध्ये स्वतःच कबूल केलं होतं की बॅटरी म्हातारी झालेले आयफोन अपडेटमधून स्लो केले, फ्रान्समध्ये अडीच कोटी युरो दंड भरला त्यासाठी.

मालवण_ते_हिंजवडी:
दादा, दंड ग्राहकाला न सांगितल्याबद्दल होता, अपडेट दिल्याबद्दल नाही. आणि पॅच वेगळा, नवीन व्हर्जन वेगळं, आपण दोन्ही एकाच पिशवीत कोंबतोय. आयफोन 5एस 2013 चा, त्याला जानेवारी 2023 मध्ये पॅच आला, फोन आयफोनच्या जुन्याच सिस्टीमवर, आयओएस 12 वर, राहिला. म्हणजे जमतं.
पण 10 वर्षं सगळ्यांना जमेल असं नाही हां. ॲपलची चिप स्वतःची, मॉडेलं मोजकी. आठ हजारांच्या अँड्रॉइडमध्ये चिप दुसऱ्याची, त्या चिपवाल्याने ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, द्यायचं बंद केलं की फोन कंपनी किती ओढणार? कायदा केलात तर तो खर्च त्याच आठ हजारांच्या फोनवर चढेल, आणि तो फोन घेणारी आपलीच माणसं.

हर्णैकर:
चढू दे की चार-पाचशे! दर तीन वर्षांनी नवीन घेण्यापेक्षा स्वस्तच.

मिरकरवाडा_बंदर:
बोटीवर खोलात गेलो की रेंजच नाही, तिथे कसला पॅच. पण जुन्या अँड्रॉइड 4.4 वर व्हॉट्सॲप बंद झालं 2025 ला तेव्हा आमच्या तांडेलाने आख्खं बंदर डोक्यावर घेतलेलं 😂 आठवडाभर बर्फवाल्याला निरोप माझ्याच फोनवरून.

मालवण_ते_हिंजवडी:
माझं खरं भांडण वर्षांच्या आकड्याशी नाहीच, मोजायचं कधीपासून याच्याशी आहे. गूगलच्या पिक्सेल 8 फोनला 7 वर्षं म्हणतात, ती ऑक्टोबर 2023 मध्ये फोन बाजारात आला तेव्हापासून. सॅमसंग एस24 ला पण 7. आता आपल्याकडच्या दुकानात दोन वर्षं जुनं मॉडेल "ऑफरमधे" म्हणून गळ्यात मारतात, आणि बजेट फोनला मुळात 3-4 वर्षांचंच आश्वासन असतं, म्हणजे हातात उरलं काय? युरोपात 20 जून 2025 पासून नियम लागू झाला, त्यात 5 वर्षं आहेत पण ती कंपनीने त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आणला तिथून पुढची. आकडा दिसायला लहान पण ग्राहकाला पूर्ण मिळतो. मला विचाराल तर आपल्याकडे हाच मागावा, 10 चा हट्ट सोडून.

बाव_पडलेली_पिन:
ह्या मात्र पटला. गिऱ्हाईक कॅमेरा किती मेगापिक्सेल विचारतं, अपडेट कधीपर्यंत हे आजवर एकाने विचारलेलं नाही. तरी मी सांगतो, पिन आणि बॅटरी घरी बदलता येईल असा फोन आधी द्या.

हर्णैकर:
आज विचारून आलो मी दुकानात, हे मॉडेल बाजारात कधी आलं म्हणून. म्हणाला कालच आलं, आणि खोका दाखवला.

बाव_पडलेली_पिन:
खोक्यावर महिना-वर्ष असता ता बनवल्याचा रे. मॉडेल दोन वर्षांपूर्वीचं असलं तरी खोका नवाच असतो. मॉडेल नंबर टाक इथे, बघून सांगतंय.