ब्युर्स्टेगचे वाल्झर लोक गेले कुठे, आणि का?

रावेरची सून

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये नणंदेकडे म्युनिकला गेलो होतो. तिथून नंदोईंनी गाडीने ऑस्ट्रियात, फोरार्लबर्ग भागात नेलं. लेख नावाचं स्कीइंगचं गाव आहे, जिकडे बघाल तिकडे हॉटेलं. त्याच्या वरच्या डोंगरात पायवाटेने चढून ब्युर्स्टेगला गेलो, उंची १७१९ मीटर. एक छोटं चर्च, उन्हाने काळ्या पडलेल्या ओंडक्यांची थोडी घरं, दारांना कुलपं. चिटपाखरू नाही. पण आजूबाजूचं गवत नीट कापलेलं! ही वाल्झर लोकांची वस्ती होती एवढंच नंदोईंना माहीत.

घरी येऊन सासऱ्यांना फोटो दाखवले तर म्हणाले, "हे तर बेचिराख गाव." आमच्या रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला अशी गावं, म्हणजे वस्ती उठलेली पण नाव राहिलेली, दप्तरात आहेतच. तर हे वाल्झर कोण? इतक्या उंचावर घर बांधायची काय हौस? आणि गेले का? नंदोई म्हणतात, बर्फाचा कडा कोसळला असेल. मला पटत नाही, घरं तर शाबूत आहेत.

पक्का अमळनेरी

प्लेग. युरोपात काहीही ओसाड दिसलं की प्लेग.

चोपड्याचे आप्पा

अमळनेरी, तो मोठा प्लेग चौदाव्या शतकातला. ब्युर्स्टेगची कायमची वस्ती उठली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मधली पाचशे वर्षं तिथे काय भुतं राहत होती?

ताई, मुलगी डॉर्नबिर्नला असते म्हणून त्या भागात माझा मुक्काम झालेला आहे. नोकरी तलाठ्याची केली. त्यामुळे गाव कुठलंही असो, मी आधी विचारतो की जमीन कोणाच्या नावावर आणि खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, कोण घेत होता. वाल्झरांची सगळी गोष्ट त्यातच आहे.

हे लोक मूळचे स्वित्झर्लंडच्या वालिस खोऱ्याच्या वरच्या टोकाचे, त्यावरूनच नाव पडलं. बोली जर्मन. बाराव्या-तेराव्या शतकापासून ते घाटामागून घाट ओलांडत पसरले. इटलीच्या बाजूला ग्रेसोनी आणि अलान्या, स्वित्झर्लंडच्याच टिचिनो प्रांतात बोस्को गुरिन (तिथल्या चर्चचं अभिषेकाचं साल १२५३ आहे), पूर्वेला दावोस, आणि मग फोरार्लबर्ग. हौस कसली हो ताई? खालची सुपीक जमीन आधीच्या गावांनी धरलेली होती. वर होतं जंगल आणि बर्फ. सरदारांना ती पडीक जमीन वहितीखाली आणायची होती, शिवाय खिंडी सांभाळायला भरवशाची माणसं हवी होती. तिथे राहायला दुसरं कोण तयार होणार? म्हणून त्यांनी वाल्झरांना अटीच अशा दिल्या की खालच्या शेतकऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. जमीन वंशपरंपरेने, खंड ठरलेला आणि तो वाढवायचा नाही, वेठबिगार नाही, न्यायनिवाडा आपला आपण. बदल्यात सरदाराने हाक मारली की भाला घेऊन हजर. दावोसचं असं पट्ट्याचं पत्र १२८९ चं आहे. आपल्याकडे कुळाला असलं संरक्षण मिळायला विसावं शतक उजाडलं.

आता पोटाचं. १७०० मीटरवर धान्य धड पिकत नाही. म्हणजे गाई, चीज, लोणी, आणि या सगळ्याच्या मुळाशी गवत. हिवाळा सहा-सात महिने, तेवढा चारा उन्हाळ्यात जमवायचा. तुम्ही सपाटीवरचं गवत पाहिलंत. ते लोक कड्यावरचंही कापत. बुटाखाली लोखंडी खिळे बांधायचे, विळा लांब दांड्याचा, पाय घसरला तर माणूस थेट दरीत. भारे तिथेच झोपडीत रचून ठेवायचे आणि बर्फ पडल्यावर लाकडी घसरगाड्यांवरून खाली आणायचे. पुढे धरून एक माणूस बसे, टाचा रोवून ब्रेक मारत. त्या कामात माणसं मरायची. धान्य आणि मीठ मात्र विकत. त्याला रोकड हवी, ती खिंडीतून मालाची खेचरं हाकून मिळे.

गेले का, तर एका दिवसात गेले नाहीत. पंधराव्या शतकात मुलूख ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडे गेला आणि जुन्या हक्कांना कात्री लागली. पुढे बव्हेरियाच्या राजवटीत, १८०६ नंतर, जुनी न्यायालयंही मोडली. तोवर हवाही थंड होत आली होती, आल्प्समधल्या हिमनद्या १८५० च्या सुमारास सगळ्यात पुढे सरकलेल्या होत्या. मग खाली ऱ्हाईनच्या खोऱ्यात कापडगिरण्या निघाल्या, १८७२ ला रेल्वे आली, १८८४ ला आर्लबर्ग खिंडीखालचा रेल्वेचा बोगदा उघडला. खेचरांचा धंदा बसला. पगार खाली, वर विळा. पोरं कशाला थांबतील?

बर्फाच्या कड्याबद्दल: त्याच फोरार्लबर्गात ब्लोन्स नावाचं वाल्झर गाव आहे. ११ जानेवारी १९५४ ला तिथे लागोपाठ दोनदा बर्फ कोसळला, सकाळच्या ढिगाऱ्यातून माणसं काढत असताना संध्याकाळी दुसरा. पन्नासच्या वर माणसं गेली. ब्लोन्स आजही वसलेलं आहे. संकटाने गाव सहसा उठत नाही, रोजगार हलला की उठतं.

आणि ते कापलेलं गवत! वस्ती नसली तरी शिवार असतंच की, आपल्या बेचिराख गावांचंही तसंच. खालचे लोक उन्हाळ्यात गुरं वर नेतात, कुरणं राखतात.

शहाद्याचा पाटील

आप्पा, तुमनं म्हननं पटनं. पण पोरांची गोष्ट राहिली. या भागातली गरीब घरची लेकरं, सात-आठ वर्षांपासून चौदापर्यंतची, दर वर्षी मार्चमध्ये सेंट जोसेफच्या सणाच्या सुमारास बर्फातून चालत जर्मनीत श्वाबेन भागात जायची. राव्हेन्सबुर्गला त्यांचा बाजार भरे. शेतकरी येऊन पोरगा निवडायचा, गुरं राखायला. नोव्हेंबरात सेंट मार्टिनला परत, हातात थोडे पैसे आणि नवे कपडे-बूट. हे पार विसाव्या शतकात चालू होतं. जर्मनीत १९२१ च्या सुमारास परक्या मुलांनाही शाळा सक्तीची झाली तेव्हा थांबलं.

आमच्याकडून दिवाळीनंतर टोळ्या गुजरातला ऊसतोडीला जातात आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) परततात, पोरं सोबत. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला धडगावची शाळाच आठवली, हजेरीपट सगळा रिकामा.

रावेरची सून

बाई गं, बाजार! आप्पा, पाटीलभाऊ, मनापासून आभार. सासऱ्यांना वाचून दाखवते.

पक्का अमळनेरी

प्लेग मागे घेतो. पण आप्पा, एक अडतंय. स्वित्झर्लंडमध्ये जूफ नावाचं गाव आहे, २१२६ मीटरवर. वर्षभर वस्ती असलेलं युरोपातलं सगळ्यात उंच गाव म्हणून नाव आहे त्याचं, आणि तेही वाल्झरांचंच. ब्युर्स्टेगपेक्षा चारशे मीटर वर. ते का नाही उठलं?

चोपड्याचे आप्पा

चांगला विचारलास. जूफपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि पोस्टाची पिवळी बस येते. शिवाय स्विस सरकार डोंगरातल्या शेतकऱ्याला रोख अनुदान देतं, जेवढं उंच आणि तिरकं शेत तेवढं जास्त. ब्युर्स्टेगकडे रस्ता वळलाच नाही. फ्लेक्सन खिंडीतून रस्त्याचं काम १८९५ ला सुरू झालं, पण तो गेला खाली, झ्युर्स आणि लेखला. १९०६ ला झ्युर्सला स्कीचा वर्ग भरला आणि बाकी तुम्ही पाहिलंच, हॉटेलं. तिथले कित्येक हॉटेलवाले वाल्झरांच्याच वंशातले आहेत. आजोबा गवत कापत, नातू स्कीचा पास विकतो. ताई, पुढच्या वेळी नंदोईंना लेखमधल्या हुबर-हूसमध्ये न्यायला सांगा. जुनं शेतकऱ्याचं घर आहे, आता संग्रहालय केलंय. खोल्या बुटक्या, डोकं सांभाळा.