मदत हवी आहे: रतनगड–हरिश्चंद्रगड, सॅक 15 किलो आणि खुर्ची सोडवत नाही

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड असं दोन मुक्कामी जायचं ठरलंय. छत्रपती संभाजीनगरहून आम्ही तिघं: मी, धाकटा भाऊ आणि दाजी. सॅक भरून काट्याला लटकवली तर 15 किलो! माझं वजन 64. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको, हा नेहमीचा ठोकताळा धरला तर 13 च्या आत यायला पाहिजे.

रिकामी सॅक 1.8, तंबू 2.6, स्लीपिंग बॅग 1.4, फोमची मॅट 0.4, शेगडी-सिलिंडर-पातेलं 1.1, कपडे 1.6, शिधा 1.5, पॉवर बँक-बॅटरी-औषधं 0.7, पाणी 3 लिटर म्हणजे सरळ 3 किलो. राहिली 950 ग्रॅमची घडीची खुर्ची.

भांडण तिच्यावरूनच आहे. भाऊ म्हणतो, "सह्याद्रीत बसायला दगड कमी पडलेत का?" पण माझा उजवा गुडघा मांडी घालू देत नाही, एकदा खाली टेकलो की उठवायला माणूस लागतो. गोगाबाबा टेकडीवर भरलेली सॅक घेऊन सराव चालू आहे. कमरेचा पट्टा हाडावर घट्ट आवळला की खांदे मोकळे होतात, उतरताना मात्र हाच गुडघा बोलायला लागतो. म्हणजे रात्री ज्या गुडघ्याला आराम द्यायचा, दिवसभर त्याच्यावरच खुर्चीचं ओझं.

दाजींना लोखंडी तवा न्यायचाय, धपाटे गरमच पाहिजेत म्हणून. तो विषय मी बंद केलाय. धपाटे दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गारही चालतात, आणि रात्री येसर आहेच. फोडणीच्या पाण्यात पूड कालवली, उकळी आली, आमटी तयार. डाळ शिजवायचा गॅसही वाचतो.

आता विचारायचंय ते असं. डिसेंबरात रतनगडावरून कुमशेतपर्यंत वाटेत पाणी कुठे मिळतं? तिथे भरता आलं तर 3 ऐवजी 2 लिटरवर निघू. कुमशेतला कुणाच्या घरी पथारी टाकता येते का? तसं झालं आणि रतनगडाच्या गुहेत जागा मिळाली, तर तंबूच घरी ठेवतो.

प्रतिसाद: तंबू तिघांचा आहे ना, मग एकट्याच्या पाठीवर का? कापड तुम्ही, काठ्या भावाकडे, खुंट्या दाजींकडे. तवा नाही तर खुंट्या तरी उचलू द्या. गुहेच्या भरवशावर शनिवार-रविवारी जाऊ नका, गर्दी असते. सगळा भाग अभयारण्यात येतो, शेकोटीचं मनात आणू नका, थंडीचे कपडे कमी करू नका. पाचनईत जेवण घरगुती मिळतं, तिथला शिधा वगळा.

धागाकर्ता: खुंट्यांचं दाजींना सांगितलं. ते म्हणतात, मग तवा का नाही? पाण्याचं कुणी सांगेल का?