नेट घेताना काय सांगितलं, बंद पडल्यावर काय झालं?

सोसायटीच्या गेटपाशी छत्री लावून दोन पोरं बसली होती. 'काका, फक्त 499. इन्स्टॉलेशन फुकट.' फुकट हवं तर सहा महिन्यांचे आगाऊ भरायचे आणि वर 18 टक्के जीएसटी, हे फॉर्म भरून झाल्यावर कळलं. 2994 चे 3533 झाले. तेही चाललं असतं. पण पहिल्याच पावसात डब्यावर लाल दिवा लागला आणि छत्रीतला पोरगा म्हणाला, 'काका, मी सेल्सला आहे.' दिवा लालच, तोवर मेसेज आला: आपली तक्रार सोडवली आहे, पाचपैकी गुण द्या.

तुमचेही किस्से येऊ द्या. कंपनीचं नाव नको.

*

डोंबिवली पूर्व. आमच्याकडे निवडीचा प्रश्नच नाही, कमिटीने एकाच केबलवाल्याला गच्ची दिलीये. जाहिरात नाही, ॲप नाही, पण माणूस फोन उचलतो. रस्ता खोदताना फायबर तुटली, तेव्हा रात्री साडेदहाला त्याचा पोरगा ॲक्टिव्हाच्या डिकीतून तार जोडायचं मशीन काढून जिन्यात बसला. केसाएवढी तार सोलली, स्पिरिटने पुसली. मशीनच्या इवल्याशा पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, बारीक ठिणगी, झालं. मी टॉर्च धरून उभा होतो. बिल मात्र मागून मागून थकलो, अजून मिळालेलं नाही.

*

'अनलिमिटेड' म्हणजे 3300 जीबी, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मला ती मर्यादा कधी गाठता आली नाही, हा माझा नाकर्तेपणा.

*

सातारा जिल्हा, वाडीवर. लाइट गेली की आमचा राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण नाक्यावरच्या पेटीतली बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. फोन लावला की पलीकडून हिंदीत उत्तर, 'सर, आपके एरिया में कोई आउटेज नहीं है.' एरिया म्हणजे पिनकोड. आमच्या एका पिनकोडात दहा-बारा गावं आहेत हो!

*

मी दोन वर्षं त्या फोनच्या पलीकडे होते, म्हणून थोडं आमच्या बाजूने. 'राउटर बंद करून पुन्हा चालू करा' याला हसू नका, बरेचदा तेवढ्यानेच काम होतं. 'शंभरचा प्लॅन आणि डाउनलोड बाराने' ही रोजची तक्रार. शंभर मेगाबिटला आठाने भागा, साडेबारा मेगाबाइटच येतात. सेल्सवाले हे सांगत नाहीत, कारण साडेबारा म्हटलं तर घेणार कोण? राउटर टीव्हीमागे कोंबू नका. राउटरचं 5 गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण दोन भिंतींत दमतं. आतल्या खोलीत 2.4 वालं लावा.

आणि तो 'सोडवली'चा मेसेज... मुदतीत तक्रार बंद झाली नाही तर बोलणी आम्हाला बसायची, म्हणून आधी बंद करायची, मग बघायचं. चूकच होती. तक्रारीचा नंबर मागून लिहून ठेवा. ट्रायच्या, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाच्या, 2012 च्या नियमांप्रमाणे मोठ्या कंपन्यांत वर अपील करता येतं, तेही फुकट. आम्ही आपणहून ते कधी सांगत नव्हतो.

*

बाबा गेल्यावर त्यांचं कनेक्शन बंद करायला फोन केला. 'मॅडम, खातेदारांशीच बोलावं लागेल.' म्हटलं, ते वारले. क्षणभर शांतता, मग, 'सो सॉरी मॅडम. तीन महिने निम्म्या दरात दिलं तर ते चालू ठेवतील का?' रागवावं की हसावं कळेना. त्या पोरीसमोर वाचायचा कागद असणार, तिचा तरी काय दोष. दाखला तीनदा मेल केला. राउटर न्यायला माणूस चार महिन्यांनी आला. बाबांचा मोबाइल अजून माझ्याकडे चालू आहे, त्यावर अधूनमधून येतं: तुमची उणीव भासतेय, परत या.