मदत हवी आहे : अर्थव्यवस्था आणि अस्मिता यांचा संबंध कसा मांडावा?

नमस्कार. उत्पादनाची पद्धत बदलली की माणसाची स्वतःविषयीची ओळख आणि गटांचे राजकारण कसे बदलते, यावर निबंध लिहिताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. एकाच भोंग्यावर कारखान्यात शिरणारे आणि एकाच दिवशी मजुरी घेणारे लोक स्वतःला कामगार म्हणवू लागले आणि ब्रिटनमध्ये 1799-1800 च्या कायद्यांनी घातलेली बंदी 1824 मध्ये उठेपर्यंतही त्यांच्या संघटना परस्पर-साहाय्य मंडळांच्या आडून तग धरून राहिल्या, इथवर मांडणी जुळते.

अ‍ॅपवरून काम घेणाऱ्याला मात्र सहकारी क्वचितच भेटतात. त्याला दिसते ते स्वतःच्या नावापुढचे रेटिंग आणि पुढचे काम. त्यामुळे वर्गाची जाणीव विरून वंश, धर्म, भाषा यांच्या अस्मिता बळावतात, असे सर्रास म्हटले जाते. मला हे अर्धवट वाटते, कारण अमेरिकेतील गुलामगिरीत वंश हाच श्रमव्यवस्थेचा आधार होता; तिथे अर्थकारण आणि ओळख वेगळी काढणार तरी कशी?

जाणकारांनी यावर वाचन सुचवावे, विशेषतः विखुरलेल्या कामगारांनी वंश किंवा धर्माच्या भेदांपलीकडे जाऊन संघटना उभारल्याची उदाहरणे असतील, तर ती अवश्य कळवावीत.