सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की आकडे का बदलतात?

गेजब्लॉक: ईआरपीतून (कंपनीचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) काढलेली पुरवठादारांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) अकाउंट्समधून परत येते तेव्हा १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य झालेला असतो, ००४१७ या कोडचं ४१७ होतं, ३-१२ या पार्ट नंबरची ३ डिसेंबर होते आणि मराठी नावं वाचता येत नाहीत. तिकडचं उत्तर ठरलेलं: 'आम्ही काहीच केलं नाही, नुसती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली.' सेलचं फॉरमॅट टेक्स्ट केलं तरी जुनं परत येत नाही. कुठे चुकतंय?

रात्रपाळी: ते खरं बोलतायत, आणि तोच घोळ आहे. सीएसव्हीत कॉलमचा प्रकार लिहिलेला नसतो, म्हणून एक्सेल उघडतानाच अंदाज बांधतं. संख्या म्हटली की पहिले १५ आकडे राहतात, पुढचे शून्य होतात. तारीख म्हटली की आत दिवसांचा क्रमांक साठतो. आता टेक्स्ट केलंत तर ३-१२ ऐवजी ४५९९४ असं काहीतरी दिसेल (हा ३ डिसेंबर २०२५ चा क्रमांक). सेव्ह केल्यावर मूळ आकडा फाइलीतच उरत नाही. ईआरपीतून नवी फाइल काढा, दुसरा इलाज नाही.

उघडायची रीत: कोरी वर्कबुक, डेटा टॅब, 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' (हीच पॉवर क्वेरी). फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) निवडा. डेटा टाइप डिटेक्शनमध्ये 'डू नॉट डिटेक्ट' घ्या. तिथे मूळ सेटिंग पहिल्या २०० ओळींवरून प्रकार ठरवतं, त्यामुळे २०१ व्या ओळीत अक्षर आलं की एरर येते. पार्ट नंबर १२ई५ असेल तर एक्सेल १२ वर पाच शून्यं समजतं आणि त्याचे बारा लाख होतात, तेही यानेच टळतं.

कोपरा_डेस्क: मराठीचं वेगळं आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला आणि मात्रेला ३ बाइट लागतात. फाइलीच्या सुरुवातीला बीओएमचे (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी खूण) ३ बाइट नसले की एक्सेल प्रत्येक बाइट सुटा वाचतं आणि एका 'क'ची तीन भलतीच चिन्हं दिसतात. ईआरपीवाल्याला एक्सपोर्टमध्ये बीओएम टाकायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. (तक्रारीचं तिकीट तीन आठवडे फिरेल, ती गोष्ट निराळी.) सेव्ह करताना मात्र 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय. नुसत्या 'सीएसव्ही'त नावांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती कायमची.

जुना_मेंटेनन्सवाला: अकाउंट्सना फार बोलू नका. या तारखांपायी २०२० साली मानवी जनुकांची नावं बदलावी लागली: मार्च१ चं मार्चएफ१ झालं. शास्त्रज्ञ हरले, एक्सेल तेव्हा होतं तिथेच राहिलं; हे रूपांतर बंद करायची सोय २०२३ मध्ये आली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या एक्सएलएस फाइलीच्या ६५,५३६ ओळी भरल्या आणि कोरोनाचे १५,८४१ रुग्ण अहवालातून राहून गेले.

एक सापळा वरच्या उत्तरांत सुटला. खाते क्रमांक टेक्स्ट म्हणून नीट आले तरी काउंटिफ (अटीत बसणारे सेल मोजणारं सूत्र) त्यांना संख्याच समजतं. पहिले १५ आकडे सारखे असलेली दोन खाती ते डुप्लिकेट दाखवेल, आणि कुणीतरी कामसू माणूस त्यातलं एक उडवेल. निकषातल्या सेलला शेवटी तारांकन (*) जोडा, म्हणजे तुलना टेक्स्ट म्हणून होते.

गेजब्लॉक: नव्या फाइलीवर पॉवर क्वेरीने आकडे जसेच्या तसे आले. डुप्लिकेटची यादी मात्र गेल्याच महिन्यात काउंटिफने साफ झाली आहे. ती बॅकअपशी ताडून बघतो.